अवयवदानाचे अर्ज भरून घेतले, तरी ऐन वेळी घरचे ‘नाही’ का म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमचा गट तीन वर्षं अवयवदानाची जागृती करतोय. व्याख्यानं झाली, फेऱ्या निघाल्या, चार हजारांवर लोकांनी इच्छापत्रं भरली. आणि गेल्या महिन्यात तुमच्याच एका कार्यकर्त्याला अपघात झाला. डॉक्टरांनी त्याला मेंदूमृत घोषित केलं, इच्छापत्र त्याच्या पाकिटातच होतं, तरी घरच्यांनी नकार दिला. आमचं चुकलं कुठे, असं तुम्ही विचारताय.

मी अठरा वर्षं प्रत्यारोपण समन्वयक होते. आयसीयूबाहेर नातेवाइकांसमोर बसून तो अवघड प्रश्न विचारणारी बाई ती मीच. तिथे बसून पाहिलेलं सांगते: तुमच्या बाबतीत झालं ते अजिबात नवलाचं नाही. तुम्ही ज्याला तयार केलंत, त्याला त्या रात्री कुणी काही विचारतच नाही. विचारतात त्याच्या बायकोला, आईला, धाकट्या भावाला. ती माणसं तुमच्या व्याख्यानाला आलेलीच नसतात. त्यांनी दोन दिवस नीट झोप घेतलेली नसते, जेवण झालेलं नसतं. खिशातल्या कार्डाबद्दल त्यांना पहिल्यांदा कळतं ते नर्सकडून, घड्याळ आणि चाव्यांच्या पिशवीसोबत.

अवयवदानाच्या भाषणाची सुरुवात बहुतेक वक्ते दधीची ऋषींपासून करतात. मीही पहिली काही वर्षं केली. मग एका सभेत मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला थांबवलं. म्हणाले, “बाई, दधीचींना देवांनी विचारलं आणि त्यांनी स्वतः हो म्हटलं. इथे ज्याला विचारायचं तो बोलू शकत नाही. मग तुम्ही गोष्ट कुणाची सांगताय?” त्यानंतर मी ती गोष्ट सोडली.

कायदा बदलला की हा पेच सुटेल, असं अनेकांना वाटतं. काही देशांत ‘नकार नोंदवला नसेल तर संमती आहे असं धरा’ असा कायदा आहे. स्पेनमध्ये तो १९७९ पासून आहे, पण पुढची दहा वर्षं तिथे फारसं काही हललं नाही. १९८९ मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था उभी राहिली आणि रुग्णालयारुग्णालयात प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. तेव्हा दर दहा लाख लोकसंख्येमागे १४ दाते होते, २०१९ पर्यंत ते ४८च्या वर गेले. ती संस्था उभी करणारे राफाएल मातेसांझ कायम सांगत आले की हे श्रेय कायद्याचं नाही, यंत्रणेचं आहे. स्पेनमध्ये आजही घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. वेल्समध्ये २०१५ साली असाच कायदा आला, तिथेही नातेवाइकांशी बोलणं होतंच. ब्राझीलने १९९७ मध्ये गृहीत संमती आणली, लोक बिथरले, डॉक्टरांनीही विरोध केला आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. त्यामुळे तुमच्याकडचा कायदा कसाही असो, उत्तर देणारा माणूस घरचाच आहे असं धरून कामाची आखणी करा.

ब्रिटनमधला अनुभव सांगतो की गेलेल्या माणसाची इच्छा माहीत असेल तर दहांतली नऊ कुटुंबं होकार देतात, माहीत नसेल तर जेमतेम निम्मी. घरी एकदा झालेल्या दहा मिनिटांच्या बोलण्यामुळे एवढा फरक पडतो.

म्हणून माझी पहिली सूचना तुम्हाला कदाचित आवडणार नाही. सभेच्या शेवटी टेबल मांडून अर्ज भरून घेणं बंद करा. भाषण ऐकून माणूस भारावलेला असतो, शेजारचा सही करतो म्हणून तोही करतो, फोटो निघतो, आणि घरी जाऊन तो विषय काढत नाही. अर्ज घरी न्यायला द्या. त्यावर साक्षीदार म्हणून घरच्याच माणसाची सही लागेल असं सांगा. आठवड्याने परत भेटा. चाळीस अर्ज नेले आणि सहाच परत आले तर खट्टू होऊ नका, ते सहा पक्के आहेत. उरलेल्या चौतीस जणांना विचारा की घरी काय झालं. तुमच्या कामाचा खरा कच्चा माल तिथे आहे. कुणी सांगेल, “आई रडायला लागली, मरणाचं कशाला बोलतोस म्हणाली.” कुणी सांगेल, “नवरा म्हणाला, माझं ठीक आहे पण तुझं मी देणार नाही.” ही वाक्यं लिहून ठेवा. पुढची सभा त्यांच्यावरच घ्या.

घरी विषय कसा काढायचा, हे लोकांना खरंच येत नाही. मी त्यांना एक सोपी युक्ती सांगते: स्वतःची इच्छा जाहीर करू नका, समोरच्याला प्रश्न विचारा. “माझ्यावर अशी वेळ आली आणि डॉक्टरांनी तुला विचारलं, तर तू काय सांगशील?” या प्रश्नाने बोलणं लगेच त्या प्रसंगावर येतं. आणि कुणी स्पष्ट ‘नको’ म्हटलं तर तेही नोंदवा. मला समोर बसून उत्तर ऐकायचं असतं, आणि ‘त्यांना नको होतं’ हे ठाम उत्तर ऐकून मी शांतपणे उठलेली आहे. ‘ते कधी बोललेच नाहीत’ हे उत्तर मात्र त्या घराला पुढे कित्येक वर्षं छळतं, होकार दिला तरी आणि नकार दिला तरी.

आता मेंदूमृत्यू. इथे जरा थांबते, कारण निम्मे नकार इथे तयार होतात आणि बहुतेक जागृती-कार्यक्रम हा भाग दोन वाक्यांत उरकतात.

समोर बिछान्यावर माणूस आहे. छाती वरखाली होतेय. हात गरम आहे. मॉनिटरवर ठोके दिसतायत. आणि कुणी येऊन सांगतं की हा गेला. यावर कोण विश्वास ठेवील? १९५९ मध्ये मोलारे आणि गुलाँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी या अवस्थेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांनी तिला नाव दिलं ‘कोमा देपासे’, म्हणजे कोमाच्या पलीकडची अवस्था. १९६८ मध्ये मेंदूमृत्यूचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनेही ‘परत न फिरणारा कोमा’ असेच शब्द वापरले. त्यामुळे पहिल्यापासूनच या कल्पनेला कोमा हा शब्द चिकटला, आणि आपण आजही त्याचा त्रास भोगतोय. कोमातला माणूस जिवंत असतो, त्याचा मेंदू जखमी असतो, तो कधी कधी शुद्धीवर येतो. मेंदूमृत माणसाच्या मेंदूतलं, मेंदूच्या देठासकट, सगळं काम कायमचं थांबलेलं असतं. त्यातून कुणी परत आलेलं नाही. ‘ब्रेन डेड माणूस उठून बसला’ अशी बातमी दिसली की समजावं, तपासण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या किंवा बातमी लिहिणाऱ्याने शब्द चुकीचा वापरला.

मी हे समजावताना हृदयापासून सुरुवात करते. हृदयाच्या ठोक्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, तो स्वतःच ठोका सुरू करतो. प्रत्यारोपणासाठी काढलेलं हृदय सगळ्या नसा तुटलेल्या असूनही दुसऱ्याच्या छातीत धडधडतं, ते त्यामुळेच. श्वासाचं मात्र तसं नाही, श्वास घे हा निरोप मेंदूच्या देठातूनच यावा लागतो. तो बंद झाला की यंत्र फुप्फुसांत हवा ढकलतं, प्राणवायू मिळतोय तोवर हृदय चालतं, रक्त फिरतं म्हणून हात गरम राहतो. इतकं सांगितल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी उमटतं.

मग तपासण्या सांगते, त्याही वगळू नका. बाहुलीवर टॉर्च मारतात, ती आक्रसते का पाहतात. बुबुळाला कापसाचं टोक लावतात. कानात बर्फासारखं गार पाणी सोडून डोळे हलतात का ते बघतात. नळी घशात खोल घालून खोकला येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काही मिनिटं काढून फक्त प्राणवायू देत ठेवतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. श्वास घेण्याची याहून मोठी प्रेरणा शरीराकडे नाही. तरीही छाती हलली नाही तर संशयाला जागा राहत नाही. अनेक देशांत या तपासण्या काही तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि त्या करणाऱ्या डॉक्टरांचा प्रत्यारोपणाशी संबंध असू नये असा दंडक असतो. काही रुग्णालयं नातेवाइकांना हे प्रत्यक्ष पाहू देतात. मला विचाराल तर पाहू द्यावं.

शब्दांची काळजी घ्या. ‘मशीनवर जिवंत ठेवलंय’ हे वाक्य तुमच्या कार्यकर्त्यांच्या तोंडून कायमचं गेलं पाहिजे. ‘अवयव काढून घेणं’ ऐवजी सरळ ‘अवयवदानाची शस्त्रक्रिया’ म्हणा. आणि कृपा करून रुग्णालयातल्या आया, वॉर्डबॉय, सुरक्षारक्षक, रात्रपाळीच्या नर्सेस यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलेलं नातेवाईक जिन्यात भेटलेल्या वॉर्डबॉयकडून खात्री करून घेतात. तो म्हणाला, “मी तर पाय हलताना पाहिला,” की सगळं संपलं. पाय खरंच हलू शकतो, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूवाचूनही चालतात. पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

अविश्वासाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात क्लाइव्ह कॅलेंडर नावाचे कृष्णवर्णीय प्रत्यारोपण-सर्जन होते. कृष्णवर्णीय लोकांत मूत्रपिंडाचे रुग्ण पुष्कळ आणि दाते कमी, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. १९८०च्या आसपास त्यांनी चाळीसेक लोकांना बसवलं आणि भाषण न करता ऐकलं. पाच कारणं निघाली: माहितीच नाही, धर्मात बसत नाही असा समज, डॉक्टरांवर विश्वास नाही, सही केली तर आपल्याला वाचवण्याचा प्रयत्न होणार नाही ही भीती, आणि वंशभेद, म्हणजे आपले अवयव आपल्या लोकांना मिळणार नाहीत हा संशय. यातलं फक्त पहिलं कारण माहितीपत्रकाने दूर होतं. बाकीची चार समोरासमोर बसूनच सुटतात. पुढे १९९१ मध्ये त्यांनी याच पायावर देशभराचा कार्यक्रम उभा केला, त्यात बोलणारी माणसं त्या-त्या वस्तीतलीच होती. मिशिगनमध्ये तर केशभूषा करणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन गिऱ्हाइकांशी हा विषय काढायला सांगितलं गेलं. केस होईपर्यंत माणूस खुर्चीत बसून असतो, बोलणारी ओळखीची असते. तुमच्या फेरीपेक्षा हे कितीतरी अधिक कामाचं.

तुमच्याकडेही ‘श्रीमंतांनाच मिळतं ना शेवटी?’ हा प्रश्न येत असणार. बचाव करू नका. अवयवांचा काळा बाजार झालेला आहे, गरिबांची मूत्रपिंडं विकली गेली आहेत, आणि २००८ साली इस्तंबूलला जगभरच्या तज्ज्ञांना एकत्र बसून त्याविरुद्ध जाहीरनामा काढावा लागला, तो उगाच नाही. आधी हे कबूल करा. मग मृत दात्याचा अवयव कुणाला जातो ते समजावा: रक्तगट, शरीराचा आकार, रुग्णाची निकड, यादीतला कालावधी, अंतर. हृदयाला चारेक तासांत दुसऱ्या छातीत पोचावं लागतं, मूत्रपिंडाला दिवसभराची सवड असते, म्हणून कधी यादीत मागे असलेला पण जवळचा रुग्ण पुढे येतो. हे आधी सांगितलं नाही तर नंतर ते वशिल्यासारखं दिसतं. आणि तुमच्या भागातली यादी खरोखरच पारदर्शक नसेल, तर आधी त्यासाठी भांडा. नाहीतर लोकांना ‘विश्वास ठेवा’ म्हणायचा हक्क आपल्याला उरत नाही.

धर्माचं थोडक्यात. तुम्ही स्वतः धर्मग्रंथांचे दाखले देत बसू नका, ज्याचा अधिकार आहे त्याला बोलवा. पोप जॉन पॉल दुसरे २००० साली रोममध्ये प्रत्यारोपण-तज्ज्ञांच्या परिषदेत जाऊन बोलले, आणि मेंदूमृत्यूचे निकष काटेकोर पाळले तर ते मान्य करायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं. ते वजन आपल्या शब्दाला नसतं.

आता तुमच्या कार्यक्रमात मला सर्वांत मोठं भगदाड दिसतं ते ऊतीदानाचं, म्हणजे डोळे, त्वचा, हाडं यांच्या दानाचं. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकात हृदय, यकृत, मूत्रपिंड ठळक आहे, ‘एक दाता आठ जीव वाचवतो’ हे वर आहे, आणि शेवटच्या ओळीत ‘तसेच नेत्रदान, त्वचादान’ एवढंच. खरं प्रमाण उलटं आहे. ज्यात अवयवदान शक्य असतं असे मृत्यू शंभरात जेमतेम एक. बाकी माणसं घरी जातात, वॉर्डात जातात, हृदय थांबून जातात. त्यांचं हृदय, यकृत देता येत नाही, पण बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा यांतलं काही ना काही अनेकांचं देता येतं. आठ जिवांचंही तसंच: तो वरचा आकडा आहे, प्रत्यक्षात सरासरी तीनच्या आसपास राहते. तीन माणसं वाचणं काही कमी नाही, मग फुगवून कशाला सांगायचं?

हे मी चूक करून शिकले. एका वस्तीत मी दोन्ही विषय एकाच भाषणात घेतले. महिनाभराने तिथल्या एक आजी घरीच वारल्या. मुलाने फोन केला, “आईचं हृदय आणि किडन्या द्यायच्या आहेत.” मला सांगावं लागलं की तसं आता होऊ शकत नाही, मात्र डोळे देता येतील. तो गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे आईचं तुम्हाला काही नको,” आणि फोन ठेवला. दोष त्याचा नव्हता. तेव्हापासून मी हे दोन विषय दोन वेगळ्या दिवशी घेते, आणि ऊतीदानाचा दिवस आधी.

१९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी मोराव्हियातल्या (आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या) ओलोमोउत्स गावी पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं, म्हणजे मूत्रपिंडाच्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. इतकी जुनी, इतकी सरावाची शस्त्रक्रिया. तरी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत सत्तर गरजूंमागे एकच कॉर्निया उपलब्ध असल्याचं दिसलं.

ऊतीदानाचं शिक्षण भावनेचं कमी आणि घरातल्या तयारीचं जास्त. नेत्रपेढीचा नंबर कुणाच्या फोनमध्ये आहे? मृत्यूनंतर फोन कोण करणार? जवळचा माणूस त्या क्षणी करू शकणार नाही, म्हणून शेजारी किंवा दूरचा नातेवाईक आधीच ठरवून ठेवा. डोळे मिटवा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन ते थोडं उंच ठेवा. साधारण सहा तासांत पेढीचे लोक यायला हवेत, काही पेढ्या अधिक मुदत देतात, तुमच्या पेढीला विचारून घ्या. मृत्यूचा दाखला तयार ठेवा. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह होता, वय नव्वद होतं, यांतलं काहीही आड येत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत मात्र घेत नाहीत. बहुतेक ठिकाणी फक्त पारदर्शक पडदा काढतात, चेहरा तसाच दिसतो. त्वचेचाही पातळ पापुद्रा मांड्या आणि पाठीवरून घेतात, तो कपड्याखाली झाकला जातो. हे सगळं तुमचे दोन कार्यकर्ते रंगीत तालमीसारखं करून दाखवू शकतात. लोक हसतात, चुका काढतात, आणि लक्षात ठेवतात. याच तालमीला फॅमिली डॉक्टर, रुग्णवाहिकेचे चालक, अंत्यविधीचं सामान पुरवणारे यांना आवर्जून बोलवा, कारण मृत्यूची बातमी पहिल्या तासात कळते ती त्यांना.

दात्याच्या कुटुंबाला व्यासपीठावर आणण्याबद्दल तुम्ही विचारलंय. ताकद मोठी आहे यात शंका नाही. १९९४ मध्ये इटलीत फिरायला आलेल्या एका अमेरिकन कुटुंबाचा सात वर्षांचा मुलगा दरोडेखोरांच्या गोळीने गेला. आईवडिलांनी त्याचे अवयव सात जणांना दिले, ते स्वतः बोलत राहिले, आणि पुढच्या दहा वर्षांत इटलीतलं अवयवदान तिपटीने वाढलं. पण ते आपणहून बोलले. पहिलं वर्ष तरी कुणाला बोलवू नका. हार-शाल नको, रडायला लावणारे प्रश्न नकोत, आणि तयार होऊन आलेल्यानेही ऐन वेळी नाही म्हटलं तर कार्यक्रम तसाच पुढे न्या. अवयव मिळालेल्यांनाही सांगा की रोजच्या गोळ्या, संसर्गाची भीती, तपासण्या हे सगळं बोलायचं. निव्वळ सुखाची कहाणी लोकांना खरी वाटत नाही.

शेवटी तुमच्या त्या कार्यकर्त्याचं घर. तिथे तुम्ही अजून गेला नाहीत, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. जा. त्याची इच्छा मोडली असं सुचवणारा एक शब्दही काढू नका. चहा घ्या, त्याच्या आठवणी निघू द्या, आणि त्यांना बोलावंसं वाटलं तर एवढंच विचारा: त्या रात्री तुम्हाला आधीपासून काय माहीत असायला हवं होतं?

मी अशाच एका घरी सहा महिन्यांनी गेले होते. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याचा हात गरम होता हो. हात गरम राहणार आहे, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.”